मोडलेला पाटा भंगारात टाकण्याआधी

गणपती जवळ आले की आंबिवली, मोहने, टिटवाळ्याच्या गॅरेजांत जनरेटरच्या ट्रॉल्या यायला लागतात. त्यांच्या जोडीला वीटभट्टीवरच्या ट्रॉल्या आणि पाण्याच्या टँकरचे छोटे ट्रेलर असतातच. काम बहुधा एकच असते: कमानपाटा तुटलाय, बदलून द्या. मालकाला घाई, कारागिरालाही घाई. तुटका पाटा कोपऱ्यात जातो, नवा चढतो, ट्रॉली बाहेर पडते आणि पुढच्या पावसाळ्यात तीच ट्रॉली त्याच दुखण्याने परत येते. माझा आग्रह एवढाच आहे, की तो तुकडा टाकण्याआधी उजेडात धरून नीट पाहा.

सेंटर बोल्टच्या भोकातून तुटला असेल, तर पहिला संशय यू बोल्टवर घ्या. बोल्ट आवळलेले असतील तर पाट्याचा मधला भाग ॲक्सलवर दाबून बसतो, वाकतच नाही. ते सैल झाले की वाकण्याचा ताण भोकाशी जातो, म्हणजे जिथे पोलाद मुळातच कमी आहे तिथे. मेन पाटा आयजवळ तुटला असेल तर शॅकल हलवून बघा. वजन पडले की पाटा सरळ होतो, लांब होतो आणि ती वाढ शॅकलने झुलून घ्यायची असते. बुश सुकून पिन जाम झाली असेल, तर नवा पाटाही तिथेच जाणार.

आता तुटलेले तोंड पाहा. बऱ्याचदा एका कडेला गुळगुळीत, गंजाने काळपट झालेला भाग दिसतो आणि उरलेला खरबरीत, चकचकीत. काळपट भाग ही जुनी चीर. ती खड्ड्याखड्ड्याला थोडी थोडी सरकत होती. शेवटच्या दणक्यात फक्त उरलेला भाग गेला. दुसऱ्या चाकाच्या पाट्यानेही तेवढेच वजन आणि तेवढेच खड्डे सोसलेत. म्हणून जोडीच बदला. एकीकडे नवा उठाव आणि दुसरीकडे बसलेला पाटा असला, की ट्रॉली कलते. जनरेटर तर ट्रॉलीवरून उतरतच नाही, त्यामुळे तिचे पाटे उभ्या जागीही दबून असतात.

तुटका पाटा वेल्डिंगने जोडून देणे मात्र थांबवलेच पाहिजे. पाट्यांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या 60एसआय7 पोलादात कार्बन सुमारे 0.6 टक्के आणि सिलिकॉन दीड ते दोन टक्के असते. त्याला पाणी देऊन, मग टेंपर करून लवचीकपणा आणलेला असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने तो जातो आणि सांध्यालगतची पट्टी काचेसारखी ठिसूळ होते.

जादा किंवा जाड पाटा घालून मागणाऱ्या गिऱ्हाईकालाही स्पष्ट सांगा. पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. 7 मिलीमीटरच्या जागी 8 मिलीमीटरचे पाटे घातले, तर ताठपणा जवळजवळ दीडपट होतो. ॲक्सल, बेअरिंग आणि टायर मात्र तेच राहतात. जो दणका पाटा खात होता तो आता चासीच्या वेल्डवर आणि हिचवर जातो. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 मध्ये जादा भाराला 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000 रुपये दंड आहे. पाटे वाढवल्याने ट्रॉलीची परवानगी वाढत नाही.

बसवताना जॅक चासीला लावा, घोड्यांवर वजन घ्या, ॲक्सलला वेगळा आधार द्या. जुने यू बोल्ट एकदा ताणले गेलेले असतात, आटेही गंजलेले असतात. ते कापून नवेच घाला. सेंटर बोल्टचे डोके ॲक्सलच्या पॅडमधल्या भोकात बसले आहे की नाही, हे बोटाने चाचपून मगच आवळा, चारही नट आळीपाळीने. रबरी बुश असेल तर आयच्या पिना ट्रॉली चाकांवर उतरवल्यावरच शेवटच्या घट्ट करा, नाहीतर रबर कायम पिळलेले राहते. मग हिचपासून ॲक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंत टेप लावा. दोन्ही अंतरे सारखी आली नाहीत, तर ट्रॉली तिरकी चालेल आणि टायर खाईल.

नवे पाटे भाराखाली एकमेकांवर बसतात तसे यू बोल्ट थोडे सैल होतात. पहिल्या शंभर किलोमीटरच्या आत ट्रॉली परत बोलावून ते आवळून द्या. ही फेरी मजुरीतच धरा आणि बिलावर तसे लिहा, म्हणजे गिऱ्हाईक येईल.