तेरा संस्था, एक पद्धत

महाराष्ट्रात वर्षाला किती बालके दगावतात, या प्रश्नाला या शतकाच्या सुरुवातीला दोन उत्तरे होती. एक आरोग्य खात्याच्या नोंदींतले आणि दुसरे ‘कोवळी पानगळ’ या अहवालातले. अहवालाचा अंदाज वर्षाला सुमारे पावणेदोन लाख मृत्यूंचा होता. सरकारी नोंदींत त्याचा लहानसा भागच दिसत होता. राज्याच्या वेगवेगळ्या भागांत काम करणाऱ्या 13 स्वयंसेवी संस्थांनी मिळून ही मोजणी केली होती. पुढे सरकारने त्यांतल्याच ‘सर्च’ या संस्थेच्या डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली.

हे काम एकट्या संस्थेच्या आवाक्यातले नव्हते. गडचिरोलीतल्या ‘सर्च’ने फक्त आपल्या गावांचे आकडे मांडले असते, तर मागास जिल्ह्याचे चित्र म्हणून ते बाजूला सारता आले असते. तेरा ठिकाणचे आकडे तसे सारता येत नाहीत, मात्र ते एकाच पद्धतीने गोळा झालेले हवेत. जन्मून काही मिनिटांत गेलेले मूल ‘मृत जन्मलेले’ म्हणून नोंदले गेले, की बालमृत्यूचा आकडा तिथेच घसरतो. त्यामुळे व्याख्या एक आणि नोंदीची रीत एक, हा या भागीदारीचा कणा होता.

उपचाराच्या बाबतीतही हेच घडले. ‘सर्च’ने 1995 ते 1998 या काळात गडचिरोलीतल्या 39 गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष डिसेंबर 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग आहेत म्हणून बाळांचे मृत्यू घटले, ही शंका स्वाभाविक होती. ‘अंकुर’ प्रकल्पात राज्यातल्या सात संस्थांनी तीच पद्धत आपापल्या भागात राबवली, आणि या शंकेला उत्तर मिळाले. 2011 पासून देशभरातल्या आशा कार्यकर्त्या बाळाच्या पहिल्या 42 दिवसांत ठरलेल्या दिवशी घरी जातात, त्या याच वाटेने.

संस्थांमधली धोरणात्मक भागीदारी म्हणजे नेमके काय, हे यातून समजते. एका व्यासपीठावर बसणे किंवा पत्रकावर शेजारीशेजारी बोधचिन्हे छापणे म्हणजे भागीदारी नव्हे. तिच्यात प्रत्येकाला काहीतरी सोडावे लागते: आपला नमुना-अर्ज, आपला वेग, अहवालाच्या मुखपृष्ठावरचे आपले नाव. आपल्याकडचे सामंजस्य करार उद्दिष्टांवर पानेच्या पाने लिहितात. माहितीची मालकी कोणाची आणि एखादी संस्था मध्येच बाहेर पडली तर खर्च कोणी सोसायचा, यावर मात्र ते बहुधा गप्प असतात. भांडणे नेमकी तिथेच होतात, आणि त्यांत लहान संस्था हरते.

दुसरा प्रश्न पैशाचा. परदेशी देणगी घेण्याची परवानगी असलेली मोठी संस्था पूर्वी तशीच परवानगी असलेल्या लहान संस्थेला निधी वर्ग करू शकत असे. मोठी संस्था देणगीदाराला हिशेब देई, लहान संस्था गावात काम करी. परदेशी देणगी नियमन कायद्यात सप्टेंबर 2020 मध्ये दुरुस्ती झाली आणि कलम 7 ने असे हस्तांतरण पूर्ण बंद केले. त्याच दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आणली. समन्वयाचा बराचसा खर्च याच सदरात मोडतो.

देशी पैशालाही अडसर आहे. धर्मादाय न्यासाला करमाफी हवी, तर उत्पन्नाच्या किमान 85 टक्के रक्कम उद्दिष्टांवर खर्चावी लागते. एका न्यासाने दुसऱ्याला दिलेल्या 100 रुपयांपैकी 85 रुपयेच खर्च म्हणून धरायचे, असे 2023 च्या वित्त कायद्याने ठरवले.

सरकारची बाजू पोकळ नाही. पैसा हातोहात फिरला की तो शेवटी कशावर खर्च झाला, हे शोधणे कठीण होते. न्यासांची साखळी उभी करून प्रत्येक कडीवर 15 टक्के राखून ठेवण्याची पळवाटही होती. परदेशी देणगी मिळवणे हा निरपवाद हक्क नाही, असे सांगत सर्वोच्च न्यायालयाने 8 एप्रिल 2022 रोजी 2020 ची दुरुस्ती मुख्यतः वैध ठरवली.

तेव्हा संस्थांपुढे दोन वाटा उरतात. देणगीदाराने प्रत्येक भागीदाराला वेगळा निधी द्यायचा, किंवा मोठ्या संस्थेने लहान संस्थेकडून सेवा विकत घ्यायची. पहिल्या वाटेने जाताना दहा-बारा माणसांच्या संस्थेला इंग्रजी प्रस्ताव आणि त्रैमासिक अहवाल एकटीने पेलावे लागतात; अनेकींना ते झेपत नाही. दुसऱ्या वाटेने भागीदाराचा ठेकेदार होतो. काय मोजायचे हे ठरवण्यात ठेकेदाराला वाटा नसतो.

पैशाचा माग ठेवण्याचा हेतू रास्त आहे, पण सरसकट बंदी त्यासाठी गरजेची नव्हती, असे आमचे मत आहे. देणारी आणि घेणारी, दोन्ही संस्था परदेशी देणगी कायद्याखाली नोंदलेल्या असतील, तर दोघींची वार्षिक विवरणपत्रे केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातातच. ती ताडून पाहता येतात. देणगीदारांनीही समन्वयाचा खर्च प्रकल्पखर्चात धरायला शिकले पाहिजे. नोंदणीकृत संस्थांमधील एकाच टप्प्याच्या, उद्देश जाहीर केलेल्या हस्तांतरणाला मुभा देणारे एक परंतुक कलम 7 ला जोडले, तरी बरेच साधेल. ते संसदेने जोडावे.