गूढवाद आणि स्वरव्याकरण : स्क्रियाबिनच्या शैलीविकासासंबंधी एक आक्षेप

कलासमीक्षेतील काही मांडण्या केवळ सोयीस्कर असल्यामुळे दीर्घायुषी ठरतात. रशियन संगीतकार व पियानोवादक अलेक्झांडर स्क्रियाबिन (1872–1915) याच्या शैलीविकासाची त्रिस्तरीय मांडणी ही अशांपैकीच एक होय. आधी शोपँचे अनुकरण, मग वाग्नरचा प्रभाव आणि अखेरीस थिऑसॉफीच्या स्पर्शाने घडलेले आमूलाग्र रूपांतर, असा हा आलेख. यात विचारप्रणाली हे कारण आणि शैली हे तिचे कार्य मानलेले असते. याउलट रूपवादी समीक्षक गूढवादाला चरित्रातील लोढणे ठरवून केवळ स्वरसंघातांची गणिते मांडतात. हे दोन्ही पक्ष परस्परविरोधी भासले तरी त्यांचे गृहीतक एकच आहे : आशय आणि अभिव्यक्ती यांची फारकत करता येते.

पहिल्या पक्षाला कालक्रमच साथ देत नाही. स्क्रियाबिनने ब्लाव्हाट्स्कीचे लेखन वाचले ते 1905मध्ये. चौथी सोनाटा मात्र 1903ची आहे. तिच्या पहिल्या भागातच अपेक्षित विसावा लांबणीवर टाकणारी रचना स्पष्ट जाणवते. शिवाय ज्याला ‘गूढ स्वरसंघात’ म्हटले जाते, त्याचे हे नाव ईगलफील्ड हल या समीक्षकाने 1916मध्ये, म्हणजे संगीतकाराच्या मृत्यूनंतर, रूढ केले. आधी नावात गूढता घालायची आणि मग विश्लेषणातून तीच शोधून काढायची, हा चक्रक दोष होय.

रूपवाद्यांची बाजू अधिक भक्कम आहे, पण अपुरी आहे. वार्वारा देर्नोव्हा हिने 1968मध्ये दाखविले की, या शैलीचे मूळ पंचमाधिष्ठित, म्हणजे ‘डॉमिनंट’, स्वरसंघातात आहे. त्यातील पाचवा स्वर उतरविला, की तो संघात आणि त्याच्यापासून षड्ज–तीव्र मध्यमाएवढ्या अंतरावरचा त्याच जातीचा संघात यांचे स्वर एकच होतात. परिणामी दिशा हरपते. हे ‘कसे’ घडते याचे उत्तर झाले. त्याचा अर्थ काय, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

युरोपीय स्वररचनेत डॉमिनंट म्हणजे घरी परतण्याची ओढ. स्क्रियाबिनने ती आधी लांबविली : पाचवी सोनाटा (1907) समेवर न येताच संपते. पुढे त्याने ती ओढच विरघळवून टाकली. हा प्रवास सरळ रेषेतला नव्हे. ‘प्रोमेथिअस’ (1910) अखेरीस एफ-शार्प मेजरच्या शुद्ध संघातात विसावतो. ओपस 74च्या पाच प्रिल्यूड्समध्ये (1914) मात्र तसे आश्रयस्थान उरत नाही. इच्छेचा आणि ‘मी’चा लय येथे सांगितला जात नाही, तो श्रोत्याच्या कालानुभवात घडतो. गूढवाद स्वरव्याकरणाच्या बाहेर नाही, म्हणूनच तो त्याचे कारणही नाही आणि अलंकारही नाही.

भारतीय अभ्यासकाने येथे विशेष सावध राहावयास हवे. हिमालयाच्या पायथ्याशी सात दिवस चालावयाचे ‘मिस्टेरियम’ स्क्रियाबिनने योजले होते; ते अपुरे राहिले आणि तो भारतात कधी आलाही नाही. त्या योजनेच्या आधारे त्याला वेदान्ताचा वारसदार ठरविणे म्हणजे कृतीऐवजी उगमाची समीक्षा करणे होय. संतकाव्यातील अनुभूतीचा केवळ तत्त्वज्ञानात अनुवाद करणारी समीक्षा हाच दोष वेगळ्या क्षेत्रात गिरवीत असते. शैली विचाराचे वस्त्र नसते; कलावंताचा विचार तिच्यातच आकाराला येतो. हे नाकारणाऱ्या समीक्षेला कृतीविषयी बोलण्याचा अधिकार प्रथम सिद्ध करावा लागेल.