‘भागीदार’ नावाचा बिगारी

पुण्याच्या सदाशिव किंवा नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहणाऱ्या अनेक तरुणांचा दिवस हल्ली दोन भागांत विभागलेला असतो. सकाळ अभ्यासिकेची आणि संध्याकाळ दुचाकीची. बीड, लातूर, नांदेड, परभणी अशा जिल्ह्यांतून तो राज्यसेवेच्या परीक्षेसाठी आलेला असतो. घरून येणारे पैसे दोन-तीन वर्षांत आटतात. जाहिरात लांबते, निकाल लांबतो, वय मात्र कुणासाठी थांबत नाही. मग मेसचे आणि खोलीचे पैसे भागविण्यासाठी तो पाठीवर चौकोनी पिशवी अडकवून घरोघर जेवणाची पार्सले पोचवू लागतो. हे काम ‘परीक्षा होईपर्यंत’ असे ठरलेले असते. पुष्कळदा परीक्षा सुटते आणि काम तेवढे उरते.

या कामाला नोकरी म्हणण्याची सोय नाही. तो ज्या कंपनीच्या नावाचा सदरा घालून फिरतो, ती कंपनी त्याला कामगार मानीत नाही. ती त्याला भागीदार म्हणते. शब्द मोठा सन्मानाचा आहे. परंतु १९३२ च्या भागीदारी कायद्याने भागीदाराला धंद्याच्या हिशेबाच्या वह्या पाहण्याचा हक्क दिलेला आहे. या भागीदाराला आजच्या फेरीचा दर कालच्यापेक्षा कमी का झाला, एवढेही विचारता येत नाही. दर यंत्र ठरविते, फेरी कुणाला द्यावयाची हे यंत्र ठरविते, आणि एखाद्या ग्राहकाने तक्रार केली की त्याचा आयडी ब्लॉक करावयाचा की नाही हेही बहुधा यंत्रच ठरविते. जुन्या गिरणीतला जॉबर कितीही उर्मट असला तरी त्याच्यापुढे उभे राहून भांडता येत असे. पडद्यावरच्या सूचनेशी भांडायचे कुणी?

खर्च मात्र सर्व या भागीदाराच्याच माथी. गाडी त्याची, तिचा हप्ता त्याचा, पेट्रोल त्याचे, मोबाइल त्याचा, पावसात भिजून आलेला तापही त्याचाच. हॉटेलाच्या दारात पदार्थ तयार होण्याची वाट पाहण्यात जाणारा वेळ कोणत्याही हिशेबात नीट धरला जात नाही. दिवसाकाठी हाती पडलेल्या रकमेतून पेट्रोल आणि हप्ता वजा केला म्हणजे खरी मजुरी किती उरते, हे त्याला महिनाअखेरीसच उमगते. शिवाय उशीर झाला की गुण कमी आणि गुण कमी झाले की फेऱ्या कमी. म्हणून तो सिग्नल तोडतो. त्याने सिग्नल तोडल्याबद्दल समाज हळहळतो, चिडतोही. परंतु आपणच पाच मिनिटांपूर्वी पडद्यावर ‘अजून किती वेळ?’ असे तीनदा पाहिले होते, याची आठवण कुणाला राहत नाही.

अपमानाची गोष्ट निराळीच. ज्या इमारतीत तो चौथ्या मजल्यावर जेवण घेऊन जातो, तिथे त्याने कोणती लिफ्ट वापरावी याविषयी सूचना लावलेल्या असतात. गावी आईवडील मुलगा ‘पुण्यात कंपनीत आहे’ एवढेच सांगतात. त्याहून अधिक सांगण्याची सोय नसते. लग्नाच्या बाजारात या मुलांची काय अवस्था आहे, हे २०२२ च्या डिसेंबरात सोलापुरात दिसले. अविवाहित तरुण नवरदेवाच्या पोशाखात, घोड्यावर बसून, वाजतगाजत जिल्हाधिकारी कचेरीवर गेले. वर्तमानपत्रांनी ती बातमी गमतीची म्हणून छापली. वास्तविक तो बेकारीचाच मोर्चा होता. मुंडावळ्या बांधल्यामुळे तेवढा कुणाच्या लक्षात आला नाही.

अशा तरुणांची संख्या थोडीथोडकी नाही. २०२०-२१ मध्ये देशात या प्रकारचे काम करणारे सुमारे ७७ लाख लोक होते आणि २०२९-३० पर्यंत ही संख्या २ कोटी ३५ लाखांवर जाईल, असा अंदाज नीती आयोगाने २०२२ च्या अहवालात केला होता. ज्या सामाजिक सुरक्षा संहितेने त्यांना प्रथमच कायद्यात नाव दिले, ती २०२० ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली. म्हणजे कायदा संमत होऊन लागू होण्यात पाच वर्षे गेली. संहितेने कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कल्याण निधीत भरावी असे म्हटले आहे. मात्र ती या कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या पाच टक्क्यांहून अधिक असू नये, असेही बंधन घातले आहे. हे पाऊल स्वागतार्ह होय. तथापि त्याच संहितेत या कामगाराची व्याख्याच मुळी ‘मालक आणि नोकर यांच्या पारंपरिक संबंधाबाहेर’ काम करणारा अशी केली आहे. विमा मिळेल, कार्ड मिळेल. पण दर कोण ठरविणार आणि काम कोण काढून घेणार, या दोन प्रश्नांना त्यात उत्तर नाही.

नेमक्या याच प्रश्नांना या राज्याने एकदा उत्तर दिले होते, आणि तेही पाऊणशे टक्के निरक्षर कामगारांच्या बाबतीत नव्हे तर ज्याला कुणी मालकच नाही अशा कामगाराच्या बाबतीत, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. मुंबईत मशीद बंदरच्या बाजारात सातारा-सांगलीकडून आलेली माणसे डोक्यावर पोती वाहत. आज या गाळ्यावर, उद्या त्या. व्यापारी म्हणे, हा माझा नोकर नव्हे. टोळीचा माणूस आहे. टोळीचा मुकादम म्हणे, मी कुठला मालक? दोघांचेही म्हणणे कागदावर खरे होते, आणि हमालाच्या पाठीचा कणा मोडला तर त्याची जबाबदारी कुणावरच येत नव्हती. आजची कंपनी ‘आम्ही केवळ ग्राहक आणि हॉटेल यांची गाठ घालून देतो’ असे म्हणते, त्यात नवे असे काही नाही.

अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली या हमालांनी लढा दिला आणि १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. त्या कायद्याची खुबी अशी की, मालक कोण, या वादात तो अडकून पडलाच नाही. मालकांचे, कामगारांचे आणि शासनाचे प्रतिनिधी असलेले मंडळ त्याने उभे केले. व्यापाऱ्याने मंडळाकडे नोंद करावयाची, हमालानेही करावयाची. मजुरी मंडळामार्फत द्यावयाची आणि तिच्यावर ठराविक टक्के लेव्ही भरावयाची. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस, भरपगारी रजा, औषधोपचार. गाळे दहा बदलले तरी खाते एकच. नवी मुंबईत कोपरखैरण्यास माथाडींच्या वसाहती उभ्या राहिल्या, त्या कुणाच्या मेहेरबानीने नव्हेत.

या व्यवस्थेत कालांतराने दोष शिरले, हे नाकारण्याचे कारण नाही. माथाडीच्या नावाखाली खंडणी उकळणाऱ्या टोळ्यांच्या तक्रारी उद्योजक वर्षानुवर्षे करीत आले आहेत आणि त्यांतील सर्वच खोट्या नाहीत. परंतु बोगस माथाडी निघाला म्हणून मंडळाची कल्पना खोटी ठरत नाही. उलट आज प्रत्येक फेरीची नोंद, वेळ आणि रक्कम कंपनीच्या संगणकात आपोआप होते. मशीद बंदरच्या मंडळाला जे हिशेब वह्यांतून शोधावे लागत, ते येथे बोटाच्या टोकावर आहेत. लेव्ही बसविण्यास याहून सोपा धंदा सापडणे कठीण.

राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकाने २०२५ मध्ये अशा कामगारांसाठी कायदे केले. दोन्ही ठिकाणी मंडळ आहे, दोन्ही ठिकाणी व्यवहारागणिक शुल्क आहे. कर्नाटकात तर शुल्काचे प्रमाण कामगाराला मिळणाऱ्या मोबदल्याच्या एक ते पाच टक्के असे ठरविले आहे आणि काम काढून घेताना कारण कळविण्याचे बंधनही कंपनीवर आहे. महाराष्ट्राने यांच्याकडे पाहून शिकावे असे म्हणणे थोडे चमत्कारिक वाटते, कारण मंडळ आणि लेव्ही ही जोडी मुळात मुंबईच्या बाजारात जन्मली. येथे करावयाचे ते इतकेच की, दर आणि दरातील बदल मंडळापुढे मांडल्याखेरीज लागू होऊ नयेत आणि आयडी ब्लॉक करण्यापूर्वी माणसाला माणसासमोर आपली बाजू मांडता यावी, एवढी भर त्या जुन्या चौकटीत घालावी. अपघाताचा विमा केंद्राच्या संहितेवर सोडला तरी चालेल. ही दोन कामे मात्र राज्यालाच करावी लागतील.

चौकट ताणता येते, याचाही पुरावा घरातच आहे. १९८१ मध्ये याच राज्याने माथाडी कायद्याच्या धर्तीवर खासगी सुरक्षा रक्षकांसाठी कायदा केला. त्या वेळीही रखवालदार हा कुणाचा नोकर, एजन्सीचा की सोसायटीचा, असा वाद होताच. आज रात्री साडेदहाला सोसायटीच्या फाटकावर पार्सल घेऊन उभ्या असलेल्या तरुणाला जो रखवालदार अडवितो आणि मागच्या लिफ्टने जा म्हणून सांगतो, तो मंडळाकडे नोंदलेला असेल तर त्याला भविष्यनिर्वाह निधी आहे, रजा आहे, तक्रार करावयास जागा आहे. दोघेही बहुधा एकाच जिल्ह्यातून आलेले असतात.