पोळ्याच्या झडत्या वहीत उतरवा

लोधीखेडा, सौंसर, पांढुर्णा या आपल्या पट्ट्याचं नाव बाहेर छापून येतं ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, जाम नदीवरच्या गोटमारीमुळे, म्हणजे दगडफेकीमुळे. आदल्या दिवशी तोरणाखाली कोण काय बोललं, याची बातमी होत नाही. माझी विनंती त्या बोलण्याबद्दल आहे.

पोळा भरला की झुली पांघरलेल्या, शिंगांना बेगड लावलेल्या जोड्या रांगेत उभ्या राहतात. वाजंत्री थांबते आणि एखादा गडी खणखणीत आवाजात झडती, म्हणजे खोचक पद्य, टाकतो. सुरुवात महादेव-पार्वतीच्या नावानं, पण दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत तो सावकारावर, कापसाच्या भावावर, सरपंचावर येऊन पोचतो. 'हर हर महादेव'चा गजर होतो, की रांगेच्या दुसऱ्या टोकाकडून उत्तर आलंच. ज्याच्यावर बोट असतं तो तिथंच उभा असतो आणि त्यालाही चारचौघांत हसावं लागतं. एरवी त्याच्यासमोर तोंड न उघडणारा माणूस त्या दिवशी बोलून जातो.

जुन्या ग्रीसमध्येही हे सणाच्या दिवशीच चालायचं. अथेन्समध्ये दारूचा देव डायोनिसस याच्या उत्सवात लोक गाड्यांवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची टर उडवत. त्याच देवाच्या सणात नाटककार अरिस्टोफेनिसची विनोदी नाटकं होत. इ.स.पू. 424 मध्ये त्याचं 'घोडेस्वार' आलं. निशाणा होता क्लिऑन, त्या वेळचा सगळ्यात वजनदार पुढारी. नुकताच लढाई जिंकून आलेला, नाट्यगृहात पुढची मानाची जागा मिळालेला. नाटकात जनता म्हणजे एक चिडखोर म्हातारा मालक, आणि क्लिऑन त्याचा लबाड नोकर. त्याच्याशी भांडायला उभा राहतो रस्त्यावर मांसाच्या वळकट्या विकणारा एक फेरीवाला. दोघं म्हाताऱ्याची सेवा करण्यात चढाओढ लावतात. फेरीवाला त्याला दगडावर बसायला उशी देतो, मग खायला कोण जास्त आणतो याची शर्यत लागते. शेवटी फेरीवाला म्हणतो, आमच्या दोघांच्या टोपल्या उघडून बघा. त्याची रिकामी निघते, सगळं म्हाताऱ्याला देऊन झालेलं. नोकराची गच्च भरलेली, म्हाताऱ्याला फक्त एक तुकडा कापून दिलेला. निवडणुकीच्या दिवसांत हा प्रसंग आपल्या कुठल्याही चौकात जसाच्या तसा शोभेल.

नाटकाला पहिलं बक्षीस मिळालं. त्याच वर्षी लोकांनी क्लिऑनला सेनापती म्हणून निवडलंही. तेव्हा झडती टाकली आणि भाव वाढला, अशी आशा धरू नका. पुढच्या जागेवर बसलेल्याला गावाचं हसू ऐकावं लागलं, एवढं तिनं केलं तरी पुष्कळ.

पण नेम कुणावर धरता, हे मात्र बघा. याच अरिस्टोफेनिसनं पुढच्या वर्षी 'ढग' नाटकात तत्त्वज्ञ सॉक्रेटिसला ढोंगी मास्तर म्हणून उभं केलं. 24 वर्षांनी सॉक्रेटिसवर खटला झाला. आपल्याविषयीचा गैरसमज लोकांच्या मनात कसा रुजला हे सांगताना सॉक्रेटिसनं या नाटकाकडे बोट दाखवलं, असं त्याचा शिष्य प्लेटोनं लिहून ठेवलंय. म्हणून कुणाची जात, कुणाचं व्यंग, कुणाच्या घरची बाई झडतीत ओढू नका. खुर्चीला बोला, खुर्चीवर बसून केलेल्या कामाला बोला. जो उलट उत्तर देऊ शकत नाही त्याला बोलण्यात कसली मर्दुमकी?

अरिस्टोफेनिसची नाटकं होती सुमारे 40. आज पूर्ण हाती आहेत ती 11. कुणीतरी शेकडो वर्षं हातानं नकला करत राहिलं म्हणून तेवढी तरी उरली. आपल्या झडत्या तर बहुतेक कागदावर आलेल्याच नाहीत. बैल कमी झाले, ट्रॅक्टर आले, रांगा आखूड झाल्या. 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला, आपण मध्य प्रदेशात राहिलो आणि पोरं हिंदी शाळेत शिकली. पण हिंदी-मराठीची लिपी एकच आहे, त्यामुळे लिहायला अडचण नाही.

तेव्हा येत्या पोळ्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ वही घेऊन बसा. आजोबा जसं म्हणतात तसंच लिहा. त्यांची बोली पुस्तकी करत बसू नका, नाहीतर झडतीचा ठोका जातो. प्रत्येक झडतीखाली ती कोणत्या गावची, साधारण कोणत्या साली म्हटली आणि तेव्हा गावात काय घडलं होतं ते नोंदवा. ज्या दुष्काळावर, ज्या भावावर ती बेतली तो कळला नाही, तर नातवाला हसू यायचं नाही. मोबाईलवर आवाज जरूर भरा, पण मोबाईल बदलला की आवाजही जातो, म्हणून वही हवीच. वहीची एक प्रत गावच्या शाळेत द्या. आणि तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन निघणाऱ्या पोरांना एक तरी झडती स्वतःची रचायला लावा, मग ती शाळेच्या गळक्या छपरावर का असेना.