मोटरसायकल क्लबच्या सभासदाला वाली कोण?

नवी मुंबईत मोटरसायकल क्लबांना तोटा नाही. रविवारी उजाडायच्या आत पाम बीच रोडला उभं राहिलं की वाशीकडून बेलापूरकडे जाणारे ताफे मोजता मोजता पुरेवाट होते. प्रत्येक ताफ्याच्या पाठीवर निराळं चिन्ह, निराळा झेंडा. अध्यक्ष आहे, उपाध्यक्ष आहे, रोड कॅप्टन आहे, व्हिडिओ काढणारा तर दोन-दोन ठिकाणी आहे. यातल्या कुठल्याही पदाधिकाऱ्याला माझा एकच सवाल असतो. काल रात्री अकरा वाजता तुमच्या सभासदाची गाडी वडखळला बंद पडली असती, तर कोण गेलं असतं? नाव सांगा. ज्यांना नाव सांगता येत नाही त्यांनी स्वतःला क्लब म्हणवून घेऊ नये. ते एकाच दुकानातून जॅकेट घेतलेलं टोळकं आहे.

मी जुन्या जावा-येझदीवाल्यांच्या एका क्लबाचा सचिव आहे. वर्गणी गोळा करणं, हिशेब लिहिणं, फोन उचलणं ही माझी कामं. अध्यक्षपदावरून भांडणारी माणसं मी भरपूर पाहिली. हिशेबाची वही मागून घेऊन वाचणारा माणूस फार क्वचित भेटला. म्हणून हे लिहितो आहे, आणि आमच्याच लोकांना लागेल असं लिहितो आहे.

हे क्लब मुळात कशासाठी निघाले ते आधी आठवू. इराणी कुटुंबाच्या आयडियल जावा कंपनीची गाडी म्हैसूरच्या कारखान्यातून १९६१ पासून बाहेर पडू लागली. १९७३ पासून तिच्यावर येझदी हे नाव आलं. १९९६ मध्ये कारखाना बंद झाला. गाड्या मात्र रस्त्यावर होत्या, आणि त्यांच्या मालकांना विचारणारं कुणी उरलं नाही. क्लच प्लेट कुठे मिळेल? क्रँकचं काम कोण करेल? गिअरचा आणि किकचा दांडा एकच, त्याचा शाफ्ट झिजला तर काय करायचं? ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या गल्ल्यांत आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या भंगारात जे हाताला लागेल ते शोधत ही माणसं एकमेकांना भेटली. एकाकडे जास्तीचा कार्ब्युरेटर होता, दुसऱ्याकडे ओळखीचा लेथवाला. तुर्भ्याच्या भाजी मार्केटातला माथाडी आणि बेलापूरच्या सरकारी कचेरीतला अधिकारी एका बाकड्यावर बसले ते या गरजेपोटी. कंपनीनं सोडून दिलेल्या माणसांनी एकमेकांना धरलं, तेव्हा क्लब झाला. चिन्ह, टी-शर्ट, वर्धापनदिनाचा केक हे सगळं मागाहून आलं.

आमच्याकडे एक निवृत्त मिस्त्री आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. कर्नाळ्याच्या पुढे रात्री येझदी बंद पडली की सभासद आधी त्यांना फोन लावतो. काका फोनवर विचारतात, "प्लग काढून बघितला का? ठिणगी आहे? पिवळी का निळी?" एवढ्यानं अर्धं काम होतं. नाही झालं तर ते कुणाच्या तरी मागे बसून तिथे जातात. उजव्या बाजूचं कव्हर उघडतात, पॉलिश पेपरचा तुकडा दुमडून पॉइंटच्या मधून दोनदा ओढतात, फुंकर मारतात, कार्डाच्या जाडीनं गॅप लावतात आणि म्हणतात, "मार किक." गाडी तरीही बोलली नाही, तर खिशातून कंडेन्सर निघतो. सगळा सोहळा वीस मिनिटांचा. या माणसाला आमच्या क्लबाच्या दहा वर्षांच्या फोटोंत शोधा. कुठेही सापडणार नाही. वर्धापनदिनाला स्टेजवर शाल मिळाली ती नगरसेवकपदाच्या एका इच्छुकाला, ज्याला जावाची किक कुठल्या बाजूला असते हे माहीत नव्हतं. त्या दिवशी मी समितीत भांडलो, आणि आजही भांडायला तयार आहे.

नव्या गाड्यांच्या क्लबांना हे सांगितलं की उत्तर येतं, आमच्या मागे कंपनी आहे, आम्हाला काकांची गरज काय? गरज काय ते हार्लेवाल्यांना विचारा. हार्ले-डेव्हिडसननं आपल्या मालकांचा समूह १९८३ मध्ये अमेरिकेत स्वतःच काढला आणि जगभर पसरवला. भारतातही त्याच्या शाखा डीलरच्या शोरूमला बांधलेल्या होत्या. सप्टेंबर २०२० मध्ये कंपनीनं जाहीर केलं की इथला कारखाना आणि विक्रीचा पसारा आवरतोय. लाखो रुपये मोजलेल्या मालकांना पुढचा पार्ट कुठून येणार हे कळत नव्हतं. ऑक्टोबरमध्ये हिरो मोटोकॉर्पशी करार झाला म्हणून निभावलं. कंपनीच्या पैशावर चालणारा क्लब कंपनीच्या सोयीनं चालतो. तो डीलरविरुद्ध तक्रार लिहीत नाही, सर्व्हिसच्या बिलावर बोलत नाही, सदोष गाडीबद्दल ग्राहक आयोगात जायला सभासदाला मदत करत नाही. नव्या मॉडेलच्या उद्घाटनाला मात्र चाळीस गाड्या रांगेत उभ्या करतो. सभासदांना फुकटचे जाहिरातदार बनवणाऱ्यांनी आपण मालकांचे प्रतिनिधी आहोत, असं सांगणं थांबवावं.

आता पैसा. सात माणसं एकत्र आली की १८६० च्या कायद्याखाली संस्था नोंदवता येते. महाराष्ट्रात तिची सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणूनही धर्मादाय आयुक्तांकडे नोंद होते. मग दरवर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात, पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. काम किचकट आहे, खेटे पडतात, मान्य. पण माझ्या पाहण्यातले बहुतेक क्लब नोंदणी टाळतात याचं कारण हा त्रास नव्हे. नोंदणी केली की टी-शर्टचे किती आले, प्रायोजकाचे किती आले, लोणावळ्याच्या हॉटेलवाल्यानं किती सूट दिली हे कागदावर येतं, आणि तेच नको असतं. एका माणसाच्या खात्यावर चाळीस जणांची वर्गणी जमा होते आणि हिशेब विचारणाऱ्याला ग्रुपवरून काढलं जातं. काढण्याआधी वर ऐकवलं जातं, "भावा, आपल्यात कसला हिशेब?" भाऊबंदकीतले निम्मे दावे याच वाक्यातून निघाले आहेत.

आणि ज्या कामासाठी पैसा आणि माणसं दोन्ही लागतात ते काम पाहा. दोन-तीन वर्षांपूर्वी आमच्या ओळखीतला एक मोटरसायकलवाला अपघातात गेला. तो दुसऱ्या क्लबात होता. अंत्ययात्रेला पन्नास मोटरसायकली आल्या, सायलेन्सरच्या आवाजात मानवंदना झाली, त्याचे व्हिडिओ फिरले. दीड महिन्यानं मी कोपरखैरण्याला त्याच्या घरी गेलो. वहिनींनी गादीखालून प्लास्टिकची पिशवी काढली. तीत एफआयआरची प्रत, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, आरसी, लायसन आणि विम्याचा घडी घातलेला कागद होता. त्यांना कुणीही सांगितलं नव्हतं की मालक स्वतः गाडी चालवत असेल तर त्याच्यासाठी १५ लाख रुपयांचं वैयक्तिक अपघात संरक्षण विम्यात घ्यावं लागतं. त्याचा हप्ता पॉलिसीवर वेगळा छापलेला असतो. तो या पॉलिसीवरही होता. समोरच्या वाहनाविरुद्ध मोटार अपघात दावा प्राधिकरणाकडे जाता येतं, आणि मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं त्या अर्जाला सहा महिन्यांची मुदत घातली आहे, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. पन्नास मोटरसायकली दारात आल्या होत्या. त्या पन्नासांत एकानं खाली बसून ती पिशवी उघडली असती तर त्या बाईचे सहा आठवडे वाचले असते. मृताच्या नावानं स्मृती-राईड काढणाऱ्या पदाधिकाऱ्यांना मी हे तोंडावर सांगितलं. त्यांना राग आला, येऊ दे.

हा विमा मिळायचा तर आरसीवर, पॉलिसीवर आणि चालवणाऱ्याच्या लायसनवर एकाच माणसाचं नाव असावं लागतं. जुन्या गाड्यांच्या बाबतीत इथेच घोडं पेंड खातं. गाडी वडिलांच्या नावावर, वडील जाऊन बारा वर्षं झाली, मुलगा ती दर रविवारी घाटात नेतो. वारसानं फॉर्म ३१ भरून गाडी नावावर करून घ्यायची असते. वाशीच्या किंवा पनवेलच्या आरटीओत तो भरताना काय काय जोडायचं हे ज्यानं एकदा केलं आहे तो दुसऱ्याला एका दुपारी शिकवू शकतो. १५ वर्षं उलटलेल्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, आणि २० वर्षांपुढच्या मोटरसायकलला ऑगस्ट २०२५ पासून त्याचे दोन हजार रुपये पडतात. १ एप्रिल २०१९ आधीच्या सगळ्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट सक्तीची झाली, तेव्हा आमच्या कित्येक सभासदांचे चासी नंबर सरकारी संगणकात चुकीचे निघाले. कुठे शून्याच्या जागी ओ, कुठे एक आकडाच गायब. सत्तरी गाठलेला माणूस नंबर जुळत नाही म्हणून परत फिरतो आणि पुढच्या आठवड्यात गाडी भंगारवाल्याला देऊन टाकतो. आम्ही दोन शनिवार बाकडं टाकून बसलो, पेन्सिलीनं कागदावर चासी नंबरचे ठसे घेतले, दुरुस्तीचे अर्ज लिहून दिले. त्या दोन शनिवारी कुठलीही राईड निघाली नाही. समितीतल्या काहींना त्याचं दुःख झालं, कारण हवा राईडसाठी फार चांगली होती.

रस्त्यावरच्या वागण्याबद्दल लांबण लावत नाही. पाम बीच रोड राहत्या वस्तीला लागून जातो. तिथे पहाटे सायलेन्सर कापलेल्या गाड्या पिळणारे सानपाडा-नेरूळच्या म्हाताऱ्या माणसांची आणि तान्ह्या पोरांची झोप मोडतात, आणि प्रत्येक मोटरसायकलवाल्याला शिव्या मिळवून देतात. अशांना क्लबातून काढा. समज देण्याचे दिवस संपले. हेल्मेटशिवाय मागे बसवलेल्या मैत्रिणीचा फोटो टाकणाऱ्यालाही काढा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांत हेल्मेट न घातलेली ५०,०२९ होती. हे आकडे पाहूनही ज्याला नियम जाचक वाटतो त्याच्या शेजारून गाडी चालवायची माझी तयारी नाही. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला पोलिसांचा ससेमिरा लागू नये म्हणून मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं आहे. हे आपल्या किती सभासदांना माहीत आहे? पडलेल्याचं हेल्मेट खेचून काढायचं नसतं, मान धरून ठेवायची असते, १०८ ला फोन करताना किलोमीटरचा दगड सांगायचा असतो, हे किती जणांना शिकवलं?

आणि जिथे आवाज करायचा तिथे आमची वाचा बसते. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचं उद्घाटन झालं. शिवडी ते न्हावा शेवा, जवळपास २२ किलोमीटर. दुचाकीला बंदी. त्याआधी पुणे द्रुतगती मार्गावर बंदी, वांद्रे-वरळी सागरी सेतूवर बंदी, पूर्व मुक्त मार्गावर बंदी. उरण-उलव्याच्या पोरानं मुंबईला नोकरीला जायचं तर वाशीचा खाडीपूल आणि सायन-पनवेल मार्गावरचे ट्रक, डंपर यांच्या मधूनच जायचं. समुद्रावरचा वारा दुचाकीला धोक्याचा असतो, हे मी नाकारत नाही. मग वाऱ्याचा वेग मोजून, ठरावीक वेळी, वेगळ्या मार्गिकेतून का नाही, हे विचारणारं पत्र तरी कुणी लिहायचं? माझ्या ओळखीच्या क्लबांत मी विचारत फिरलो. एकाकडेही पत्राची प्रत नव्हती. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११ पासून चाललंय, त्याच्या खड्ड्यांत आमचेच रिम वाकतात. त्यावरही निवेदन नाही. मात्र मंत्र्यांच्या रॅलीपुढे झेंडे घेऊन धावायला बोलावलं की पेट्रोलचे पैसे न मागता सगळे हजर. सत्ताधाऱ्यांच्या पुढे गाडी पळवणाऱ्या क्लबाला त्याच सत्ताधाऱ्यांकडे सभासदाचा रस्ता मागण्याची हिंमत उरत नाही.

येत्या सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडतोय. नोंदणी नसेल तिथे ती करायची आणि वर्षाचा हिशेब मराठीत छापून प्रत्येकाच्या हातात द्यायचा. जमा रकमेतला निम्मा भाग मदत-निधी म्हणून बाजूला ठेवायचा. प्रत्येक सभासदाची आरसी, विमा आणि लायसन वर्षातून एकदा दोन पदाधिकाऱ्यांनी डोळ्यांखालून घालायचं, घरच्यांचा फोन नंबर लिहून घ्यायचा. रात्रीच्या फोनसाठी आठवड्याची पाळी लावायची आणि तीत अध्यक्षाचंही नाव असेल. शेवटचं कलम समितीला सगळ्यांत जास्त झोंबलं आहे. राईडमध्ये सगळ्यांच्या मागे स्वीप म्हणून चालणारा गडी असतो. पंक्चर झालेल्याजवळ तोच थांबतो, नवख्याच्या वेगानं तोच चालतो, जेवायला शेवटी पोचतो आणि फोटोत नसतो. ज्यानं सलग एक वर्ष ती शेवटची गाडी चालवली नाही, त्याला अध्यक्षपदाचा अर्ज भरता येणार नाही, असं ते कलम आहे. सूचक मी आहे. अनुमोदक म्हणून मिस्त्रीकाकांनी सही केली आहे.