ज्वारी काढायला माणूस नाही

मंगळवेढ्याच्या काळ्याभोर रानात मालदांडी ज्वारी एकदा उगवली की पुढे पाऊस आला नाही तरी जमिनीतल्या ओलीवर कणसाला येते. जग पाण्याविना तगणारं धान्य शोधतंय, आणि भारताच्याच प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष पाळलं. तरी माझ्या भावकीतले एकेक जण ज्वारी सोडून उसाकडे, हरभऱ्याकडे वळलेत. कारण काढणी! ताटं हातानं उपटायची, पेंढ्या बांधायच्या, कणसं मोडायची. पानांनी हात चिरतात, मजूर मिळत नाहीत. गव्हाचं हार्वेस्टर आणलं तर कडब्याचा चुराडा होतो, आणि आमची जनावरं उन्हाळा काढतात ती कडब्यावरच.

शेतीतलं तंत्रज्ञान म्हटलं की ड्रोनचे फोटो छापून येतात. मला हवंय ताट अखंड ठेवणारं, दोन-चार एकरवाल्याला भाड्यानं परवडेल असं काढणी यंत्र. कृषी विद्यापीठांनी आधी त्याच्या मागे लागावं.

आणि रेशन? २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्याचा दर किलोला १ रुपया लिहिला होता, पण दुकानात बहुतेक वेळा गहू-तांदूळच दिसतो. सरकारनं इथली ज्वारी हमीभावानं घेऊन इथल्याच रेशनकार्डावर द्यावी.