मंडई एक, महापालिका दोन

२०२५ च्या जुलैमध्ये स्वच्छ सर्वेक्षणाचा निकाल लागला. दहा लाखांवरच्या शहरांत पिंपरी-चिंचवड सातवे आले आणि पुणे आठवे. झाले, दापोडीच्या पुलाच्या अलीकडे-पलीकडे आठवडाभर दुसरा विषय नाही. पलीकडच्यांनी रुंद रस्त्यांचे फोटो टाकले, तर पेठेतल्यांनी "पाहुणे आले तर तुम्ही त्यांना दाखवता काय?" हा ठेवणीतला प्रश्न बाहेर काढला. दोघांचेही आपापल्या परीने खरे आहे, फक्त भांडण भलत्याच गोष्टीवर चालले आहे. माझ्या मते या दोन शहरांना मिळून मध्यवस्ती एकच आहे. ती पुण्याच्या पेठांत आहे आणि तिची निगा कोणी राखायची हे चढाओढीच्या गोंगाटात कोणी विचारत नाही. मुद्देवार मांडतो.

१. क्रमवारी हा पुरावा नव्हे.

केंद्र सरकारने २०१८ मध्ये राहण्यायोग्य शहरांची यादी काढली. १११ शहरांत पुणे पहिले आणि पिंपरी-चिंचवड ६९वे आले. पुढची यादी २०२१ च्या मार्चमध्ये आली, तेव्हा पुणे दुसरे होते आणि पिंपरी-चिंचवड एकदम १६वे. अडीच-तीन वर्षांत एखादे शहर त्रेपन्न पायऱ्या चढते यावर विश्वास ठेवणाऱ्याने दुसऱ्या यादीतली शहरे मोजावीत. दहा लाखांवरची शहरे या वेळी वेगळी काढली होती आणि ती ४९च होती. मोजपट्टी बदलली, फलक मात्र दोन्हीकडे लागले. २०१५ ची स्मार्ट सिटीची यादीही तशीच. पुणे आत गेले, पिंपरी-चिंचवड राहिले, मग नवी मुंबई बाहेर पडली आणि त्या जागी पिंपरी-चिंचवडची वर्णी लागली. रुसव्या-फुगव्यात दोन वर्षे गेली. त्या दोन वर्षांत दोन्हीकडच्या एकाही चौकाची दशा त्या यादीने बदलली नाही.

२. रुंद रस्ते कोणाच्या जिवावर झाले, तेही सांगा.

पिंपरी-चिंचवडकरांना आपल्या रस्त्यांचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. पण त्यात कारभाराच्या हुशारीचा वाटा जेवढा सांगितला जातो तेवढा नाही. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ मध्ये पिंपरीत आला, पाठोपाठ एमआयडीसी, टेल्को, बजाज आले. १९७० मध्ये चार गावे एकत्र करून नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महापालिका. कारखान्यांच्या दारात येणाऱ्या प्रत्येक ट्रकमागे जकात मिळत होती. 'आशियातली सर्वांत श्रीमंत महापालिका' हे बिरुद त्याच काळातले. १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन निगडी-आकुर्डीकडे आखीवरेखीव सेक्टर पाडले गेले. मोकळ्या रानात आखलेला रस्ता रुंद असणारच. ज्यांची राने गेली त्यांना साडेबारा टक्के परतावा मिळवण्यासाठी कित्येक दशके खेटे घालावे लागले, हे मात्र रुंद रस्त्याच्या फोटोत दिसत नाही.

पुण्याला असे रान मिळालेच नाही. कसब्यापासून एकेक पेठ वाढत गेली, तिथल्या गल्ल्या माणसे, पालख्या आणि फार तर टांगे जावेत इतक्याच. मोकळ्या पाटीवर लिहिलेले अक्षर आणि तीनशे वर्षे गिरवलेली पाटी शेजारी ठेवून कोणाचे अक्षर चांगले, असे विचारण्याला अर्थ नाही.

जकात २०१३ मध्ये गेली, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, मग तोही गेला आणि २०१७ मध्ये जीएसटी आला. आज दोन्ही महापालिका सरकारी अनुदान, मिळकतकर आणि बांधकाम परवानग्यांच्या शुल्कावर जगतात. म्हणजे श्रीमंतीची जुनी कहाणी पुढच्या वीस वर्षांना पुरणार नाही.

३. क्षेत्रफळ म्हणजे वाढ नव्हे.

पुण्याने २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावे आत घेतली. अडीचशे चौरस किलोमीटरच्या आसपासचे शहर पाचशेच्या वर गेले आणि क्षेत्रफळात राज्यात पहिले झाले. पेढे वाटले गेले. त्या गावांत आजही कर शहराचा आणि पाणी टँकरचे, अशी तक्रार ऐकू येते. शेवटी फुरसुंगी आणि उरुळी देवाची महापालिकेतून बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद करावी लागली. यावर अधिक लिहायला नको.

४. पिंपरी-चिंचवडला मध्यवस्ती नाही, आणि हे त्याचे वैगुण्य समजू नये.

चिंचवडगावाला मोरया गोसावींच्या समाधीभोवती आपला मध्य आहे. भोसरीचा, आकुर्डीचा आणि पिंपरीगावाचाही स्वतःचा आहे. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी पिंपरी कॅम्पात उभी केलेली बाजारपेठ कापडाला आणि दिवाळीच्या खरेदीला आजही भरते. पण २०११ च्या जनगणनेत सव्वासतरा लाख भरलेल्या या शहराचा सगळ्यांना मान्य असा एक मध्य नाही. लग्नाचा बस्ता असो, शाळेची पुस्तके असोत की गणपतीचे मखर, निगडीचे कुटुंब अजून लक्ष्मी रोड, अप्पा बळवंत चौक आणि तुळशीबागच गाठते.

हे पूर्वीही होते, पण आता त्याला रूळ मिळाले आहेत. २०२२ च्या मार्चमध्ये मेट्रो पिंपरी महापालिका भवनापासून फुगेवाडीपर्यंत धावू लागली, २०२३ च्या ऑगस्टमध्ये ती सिव्हिल कोर्टापर्यंत आली आणि २०२४ च्या सप्टेंबरअखेर जमिनीखालून स्वारगेटपर्यंत पोहोचली. पिंपरीहून मंडई अर्ध्या तासाच्या आसपास आली. शनिवारी संध्याकाळी मंडई स्थानकाच्या सरकत्या जिन्याशी पाच मिनिटे उभे राहा. आधी रिकाम्या कापडी पिशव्या वर येताना दिसतात. दोन तासांनी त्याच पिशव्या तुळशीबागेतल्या पितळी समया, प्लास्टिकचे डबे आणि चणियाचोळीची खोकी घेऊन खाली जातात. बायका आपापसांत बोलतात ते "कासारवाडीला उतरायचं की नाशिक फाट्याला?" असे. पेठेतला दुकानदार गिऱ्हाइकाला तुमची महापालिका कोणती असे विचारत नाही.

आणि याच स्थानकातून वर आले की काय? पदपथावर दुचाक्या, त्यांच्यापुढे पथारी, पथारीपुढे रिक्षा आणि उरलेल्या हातभर जागेत माणसे. मेट्रोवर हजारो कोटी खर्च झाले, पण वर आलेल्या माणसाला मंडईच्या दगडी कमानीपर्यंत धड चालता यावे एवढी सोय झाली नाही.

ही मंडई १८८६ ची. ती बांधायचे ठरत होते तेव्हा नगरपालिकेचे सदस्य असलेल्या जोतीराव फुल्यांनी तिच्यावरच्या खर्चाला विरोध केला होता, हा पैसा शिक्षणाला लावा असे त्यांचे म्हणणे. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्याच मंडईला फुल्यांचे नाव मिळाले. मध्यवस्तीवर किती खर्च करावा हा वाद पुण्याला नवा नाही. नवे एवढेच, की गिऱ्हाईक आता दोन महापालिकांचे आहे.

५. पुण्याने आपला मध्य आधी सांभाळावा.

२०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन पाळला जातो. लक्ष्मी रोडचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा तुकडा त्या दिवशी वाहनांना बंद असतो, मुले रांगोळ्या काढतात, पदाधिकारी फोटो काढतात. १२ डिसेंबरला सगळे मूळ पदावर. वर्षातून एक दिवस चालायला मिळणे ही पादचाऱ्यांची थट्टा आहे. व्यापाऱ्यांची भीती मला समजते, गाडी दारात लागली नाही तर गिऱ्हाईक जाईल असे त्यांना वाटते. पण लक्ष्मी रोडवर दारात गाडी लावता येणारे गिऱ्हाईक दिवसाकाठी किती, हे त्यांनीच मोजावे. बाकी सगळे चालतच येतात, आणि आता तर मेट्रोने येतात.

पार्किंग धोरणाची गतही तीच. पुण्याने २०१८ मध्ये ते मंजूर केले, पण फक्त पाच रस्त्यांपुरते, आणि त्या पाचांवरही अंमलबजावणी वर्षानुवर्षे लांबली. पलीकडच्यांनी हसू नये. त्यांनी २०२१ मध्ये पैसे घेऊन पार्किंग सुरू केले आणि तेही रेंगाळले. रस्त्यावर फुकट गाडी लावण्याच्या हक्काबाबत दोन्ही शहरे एकाच आईची लेकरे आहेत.

वाड्यांचा प्रश्न याहून कठीण आहे. मालक एक, भाडेकरू बारा, कोर्टात दावा आणि दर पावसाळ्यात धोकादायक वाड्यांच्या नोटिसा. पेठेतली माणसे कोथरूड, सिंहगड रोडला गेली, त्यांच्या जागी गोदामे आली. रात्री नऊनंतर निम्म्या पेठेत दिवे नसतात. ज्या मध्यवस्तीत माणूस राहत नाही तिची हळूहळू वखार होते. पेठ वाचवायची तर वाड्याच्या जागी बारा मजली पेटी नको, चार-पाच मजल्यांची राहती घरे हवीत आणि जुन्या भाडेकरूला तिथेच जागा हवी. यात बिल्डरला फायदा कमी आहे हे मान्य. म्हणूनच हे काम महापालिकेचे.

६. पिंपरी-चिंचवडने दुसरे पुणे उभारू नये.

काचेच्या 'सिटी सेंटर'चे चित्र तिथे अधूनमधून दाखवले जाते. चकचकीत मॉलने मध्यवस्ती होत नाही. पिंपरी कॅम्प महापालिका भवनापासून रेल्वेच्या पलीकडे, म्हणजे हाकेच्या अंतरावर आहे. तिथल्या शगुन चौकात दिवाळीच्या आठवड्यात माणूस माणसाला घासून जातो. तिथे सावली, बसायला बाक, स्वच्छ स्वच्छतागृह आणि मेट्रोपासून विनाअडथळा चालायची वाट द्या. खर्च एका उड्डाणपुलाच्या पासंगालाही पुरणार नाही. चिंचवडगावच्या चापेकर चौकाचे उदाहरण डोळ्यांपुढे आहे. गावचा जुना चौक, चापेकर बंधूंचे नाव, आणि डोक्यावरून उड्डाणपूल. गाड्या सुसाट जातात, पण चौकात रेंगाळायला जागा उरली नाही. ज्या शहराला मध्य नाही म्हणून टोमणे बसतात त्याने असलेल्या मध्यांवरून पूल नेऊ नयेत.

७. देणे-घेणे दोन्ही बाजूंनी आहे.

पीएमटी आणि पीसीएमटी या दोन शहरांच्या बससेवा २००७ मध्ये एकत्र होऊन पीएमपी झाली. तिच्या तुटीचा भार दोन्ही महापालिका साठ-चाळीसच्या प्रमाणात उचलतात. कुरकुर होते, पण बस चालते. मग मंडई ते लक्ष्मी रोड ही पायवाट अशाच ठरलेल्या वाट्याने का होऊ नये? पिंपरीच्या करदात्याने पुण्याच्या पदपथाला पैसे का द्यावेत, असे कोणी विचारेल. तो पदपथ पिंपरीचा करदाताही वापरतो, हे एक उत्तर. दुसरे उत्तर असे, की पुण्यानेही बदल्यात काही द्यायचे आहे. सांगवी-किवळे रस्त्यावर बसला २०१५ पासून स्वतंत्र मार्गिका आहे. तीच बस औंधचा पूल ओलांडून पुण्यात आली की गाड्यांच्या गर्दीत अडकते. नगर रस्त्यावरची अशीच मार्गिका, म्हणजे बीआरटी, तर पुण्याने २०२३ मध्ये उखडूनच टाकली. भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांत पुण्याची माणसेही रोज जातात, आणि त्यांच्या वाटेवरची बस मोकळी ठेवणे हे पुण्याचे देणे आहे.

मुळा तर दोघांची शीवच. एका काठाने सांडपाणी सोडायचे आणि दुसऱ्याने त्याच पाण्याशेजारी नदीकाठ सुशोभीकरणाचे दगड बसवायचे, हा खेळ चालला आहे. पवना दापोडीपाशी मुळेला मिळते, पुढे संगमावर मुठा मिळते. पाणी हद्द पाळत नाही.

८. मग दोन्ही महापालिका एक कराव्यात का?

नको. एकाच इमारतीतून कात्रजपासून किवळ्यापर्यंतचा नळ सांभाळणे जमणार नाही. हिंजवडीचे उलट आहे, तिथे एकही महापालिका नाही. लाखोंच्या रोजगाराचे आयटी पार्क ग्रामपंचायतीच्या हद्दीत, तिथे काम करणारे वाकडला किंवा बाणेरला राहतात आणि पावसात तुंबलेल्या रस्त्याचे उत्तर कोणाकडेच नाही. यासाठीच २०१५ मध्ये पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, झाली. तिने दोन्ही शहरांचा सामाईक हिशेब मांडायचा होता. जमीन विकण्यापलीकडे तिचे लक्ष किती गेले, हे हिंजवडीकरांनाच विचारा.

२०२२ च्या मार्चपासून जवळपास चार वर्षे दोन्हीकडे प्रशासकांचे राज्य होते. जाब विचारायला नगरसेवकच नव्हता. आता आहे. पुढच्या अंदाजपत्रकाआधी निगडीच्या माणसाने आपल्या नगरसेवकाला आणि सदाशिव पेठेतल्या माणसाने आपल्या नगरसेवकाला एकच गोष्ट विचारावी: मंडई स्थानकाबाहेरच्या पदपथासाठी आणि औंधच्या पुलावरच्या बसमार्गिकेसाठी तुम्ही किती तरतूद मागितली? उत्तर आकड्यात मागा.